घोषाल पंडितांचा खड्डा

"मी पुढे येणार नाही," क्षेमंकरीने तिसऱ्यांदा सांगितलं आणि पदर कमरेला खोचून ती रंगमंचाच्या मागच्या भिंतीला टेकली.

रंगमंचाच्या पुढच्या कडेला फळ्या कापून खड्डा केलेला होता. त्यात पंडित कृपाराम घोषाल नाटकाची वही घेऊन बसले होते. डोकं फळ्यांच्या बरोबरीला, आणि प्रेक्षकांना दिसू नये म्हणून त्यावर लाकडी टोप. पात्र अडलं की खालून शब्द पुरवायचा, ही नाटक बसवणाऱ्या, फिडलवाल्या वेलेक साहेबांच्या मुलखातली रीत.

"हे स्त्रिये, पुरोगमन कर," साहेब म्हणाले. त्यांची बंगाली पंडितांनीच शिकवलेली. ती इतकी शुद्ध होती की ऐकून कुणी जागचं हलत नसे.

"साहेब, तिथं बाबाठाकुरांचं डोकं आहे. मी पायात चाळ बांधून झुमूर गाणारी बाई. ब्राह्मणाच्या डोक्याशी पाय नाचवू? हा जन्म गेलाच आहे, पुढचा कशाला घालवू?"

"अगं, डोकं माझं आहे. मला चालतंय!" टोपाखालून पंडित ओरडले.

"तुम्हाला चालेल हो. यमाला विचारलंत का?"

शेवटी तिनं चार हात मागे उभं राहायचं आणि पंडितांनी जरा मोठ्यानं सांगायचं, असं ठरलं. म्हणजे काहीच ठरलं नाही.

वीस वर्षं पंडितांनी कलकत्त्यातल्या साहेबांना बंगाली शिकवली, आणि साहेबांनी ती खानसाम्याला झापायला वापरली. हा एकच साहेब निघाला, ज्याला त्या भाषेत माणसं हसवायची होती. त्यानं कुठलंसं विलायती नाटक आणलं. पंडितांनी चौदा महिने खपून त्यातलं वाक्य न् वाक्य नदीच्या घाटावरच्या बायकांच्या तोंडचं करून टाकलं. आपण इतकी वर्षं शिकवलं ते व्याकरण होतं, भाषा ही आहे, हे त्यांना पन्नाशीत कळलं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

नाटकाच्या आदल्या दिवशी दलपती भैरवचंद्र हालदारांचं बोलावणं आलं. त्यांच्या गटातल्या ब्राह्मणांनी कुणाकडे जेवावं, कुणाकडे पाणीही पिऊ नये, हे हालदार ठरवत.

"कृपाराम, परवा आईचं वर्षश्राद्ध ना? बारा ब्राह्मण सांगितलेस म्हणे."

"हो, कर्ताबाबू."

"आणि उद्या तू त्या बायकांच्या पायांखाली बसणार."

"पायांखाली नाही. पायांजवळ."

"शास्त्र मला नको शिकवू." हालदारांनी हुक्क्याची नळी बाजूला केली. "मी काही दुष्ट नाही. बस खड्ड्यात. पण दिसू नकोस. दिसलास तर मला दिसलं असं म्हणावं लागेल, आणि मग तुझ्या दारात कावळाही जेवणार नाही."

"तुम्हाला दिसेल कसं? तुम्ही थोडेच अशा ठिकाणी याल?"

"पुढच्या रांगेतल्या तीन जागा सांगून ठेव," हालदार म्हणाले.

घरी बायकोनं, जगत्तारिणीनं, तांदूळ निवडता निवडता विचारलं, "काय म्हणाले?"

"लपून केलं तर पाप नाही म्हणाले."

"मग लपा की! आयुष्यात एक गोष्ट धड लपवा. सासूबाईंनी मरताना एवढंच मागितलं होतं, ब्राह्मण जेवू देत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जागा भरून माणसं दारात उभी होती. पहिला अंक बरा गेला. दुसऱ्यात क्षेमंकरी मुन्शीचं सोंग घेऊन आली, फेटा सावरला, आणि ऐन रंगात अडली. पंडितांनी खालून वाक्य दिलं. तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा दिलं. ती चार हात मागे तशीच, नजर सैरभैर. पहिल्या रांगेतून हालदारांचा आवाज आला, "जात्रेतली माकडं बरी!" लोक हसले. मागून कुणीतरी शीळ घातली. साहेबांचं फिडल तीच ओळ चौथ्यांदा वाजवत होतं.

चौदा महिने बुडायला आले होते. पंडितांनी टोप उचलला आणि बाजूला ठेवला.

शेंडी, जानवं, घामाघूम चेहरा, सगळं दिव्यांच्या उजेडात वर आलं. ते खड्ड्यात उभेच राहिले.

"पुढे ये, बाई," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "हे डोकं मी इथं स्वतःच्या पायांनी आणलंय. यमानं विचारलं तर घोषालचं नाव सांग."

क्षेमंकरी थबकली. मग एकेक पाऊल टाकत आली आणि घुंगरांसकट त्यांच्या नाकासमोर उभी राहिली. पंडितांनी वही मिटली आणि वाक्य सगळ्या सभेला ऐकू जाईल असं दिलं:

"एवढा मोठा माणूस, आणि भीती कुणाची? शेजाऱ्यांची!"

तिनं ते उचललं, कमरेवर हात ठेवला आणि थेट पहिल्या रांगेकडे बघून असं फेकलं की छप्पर हललं. हालदार तेवढे हसले नाहीत. त्यांना दिसलं होतं.

श्राद्धाच्या दिवशी अंगणात केळीची बारा पानं मांडली. दुपार कलली. गल्लीतून आमंत्रित ब्राह्मण गेले, दोघं-दोघं, समोरच्या बाजूनं, पलीकडच्या भिंतीकडे बघत. उपाध्येही फिरकले नाहीत.

जगत्तारिणी दारात उभी होती. शेवटची जोडी वळेपर्यंत ती बघत राहिली. मग म्हणाली, "काल त्या बाईनं तुमचं वाक्य बरोबर म्हटलं का?"

"उत्तम म्हटलं."

पंडित उठले. दर्भाची जुडी सोडली आणि एकेक चट वळायला बसले. ब्राह्मण मिळेना तर चट, म्हणजे दर्भाचा ब्राह्मण, बसवावा, याला शास्त्रात आधार आहे. तो त्यांना तोंडपाठ होता. प्रत्येकाला नीट गाठ मारून त्यांनी बारा पानांवर बारा जण बसवले आणि मंत्र स्वतःच सुरू केले, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात.

जगत्तारिणीनं पाहुण्यांपुढे घेतात तसा डोक्यावरून पदर ओढला, खिरीचं भांडं कमरेवर घेतलं आणि पहिल्या पानाशी वाकली.

"घ्या ना अजून," ती म्हणाली. "संकोच करू नका."