चित्रातली अक्षरं

माझ्या बायकोच्या, इंदूबाईच्या पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तो लवकर भरायचा नाही. बाळापूरहून गाडी न मिळाल्यामुळे तिची डायलिसिसची मागची खेप हुकली होती. म्हणून आज अकोल्याच्या डायलिसिस सेंटरवर आम्ही सगळ्यांच्या आधी पोचलो, तर प्रीतम दारातच म्हणाला, "डोमाजीबाबा, थांबा लागते. पान्याचं मशीन लाल दाखवून राहिलं."

प्रीतम तिथला टेक्निशियन. डायलिसिसला शुद्ध पाणी लागतं, आणि ते शुद्ध झालं की नाही हे मागच्या खोलीतला कॉम्प्युटर सांगतो. त्यात काल नवा प्रोग्राम घातला होता. आज सकाळी पडद्यावर लाल कुलूप. कुलूप निघाल्याशिवाय पाणी कळेना, आणि पाणी कळल्याशिवाय प्रीतम कोणाला मशीनवर घेईना. त्याचं बरोबर होतं. खराब पाण्यानं माणूस जातो.

प्रोग्राम बसवणारी पोरगी, नीलम, आमच्याच बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. कुलूप कसं काढायचं ते कंपनीनं इंटरनेटवर लिहून ठेवलं होतं. पानंच पानं. वर शोधायला एक चौकट. नीलम तिच्यात शब्द टाकायची, उत्तर यायचं, 'काही सापडलं नाही.' दुसरा शब्द टाकला की ढीगभर पानं यायची, त्यातली अर्धी जुन्या प्रोग्रामची. एखादं कामाचं वाटलं म्हणून उघडावं, तर तिथं लिहिलेलं, 'हे पान हलवलं आहे.'

"कुठं हलवलं?" मी विचारलं.

"तेच तं लिहेल नाही, आजोबा."

"कंपनीले फोन लाव ना."

"लावला. ते म्हनतात, सगळं वेबसाइटवर हाये, शोधा."

इंदूबाई भिंतीला टेकून धापा टाकत होती. आडवी झाली की तिचा जीव घाबरा व्हायचा. तिनं डोळे उघडले. "पोरगी रडून राहिली का?"

"नाही. शोधून राहिली."

"मंग तोंड काऊन असं?"

अकोल्यात दुसरीकडं जागा नव्हती. अमरावतीला होती, पण तिथवर इंदूबाईचा दम टिकेल का, ते प्रीतमलाही सांगता येईना. गाडीवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. निघावं म्हणून उठलो, की नीलम म्हणायची, "सापडलं वाटते," आणि मी बसायचो. मग तिचे हात थांबायचे. असं किती वेळा झालं! शेवटी माझाच आवाज चढला.

"बाई, हो नाही तं नाही म्हन! हिचा जीव जाईन माझ्यासमोर."

ती दचकली. चौकट तिनं बंदच केली आणि पहिल्या पानापासून डोळ्यांनी वाचत सुटली. ओठ हलत होते. मी गाडीवाल्याला हात केला, इंदूबाईच्या काखेत हात घातला, तेवढ्यात नीलम ओरडली.

"आजोबा, थांबा! इथंच होतं. सकाळी दोनदा या पानावर आलती मी."

पानावर एक फोटो होता, आणि त्या फोटोत बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं.

"मंग चौकटीले कसं नाही सापडलं?"

"लिहेल कागदाचा फोटो काढून चिकटवला कोनीतरी. तिले फोटोतली अक्षरं वाचता येत नाहीत. तिच्यासाठी ते नुसतं चित्र हाये."

पन्नाशी उलटेपर्यंत एसटीची पाटी मलाही चित्रच दिसायची. कोणती गाडी बाळापूरची, ते दुसऱ्याला विचारावं लागायचं.

"म्हंजे माह्यावानीच अंगठाबहाद्दर," मी म्हणालो. नीलमला हसू आलं आणि त्याबरोबरच रडूही.

कुलूप निघालं. पण प्रीतमनं हात वर केला. आधी पाणी वाहू द्यायचं, मग तपासायचं. नळी मोरीत सोडली. आम्ही ते पाणी वाहताना ऐकत बसलो. इंदूबाईचे ओठ निळे पडले होते. मी तिला हाक मारली, तिनं नुसतं बोट हलवलं.

पडदा हिरवा झाला तेव्हा तिला उचलूनच न्यावं लागलं. नळीतून रक्त फिरू लागलं. प्रीतम म्हणाला, "आता हिच्यावर हाये, बाबा."

मी दारातून बाहेर पाहिलं. नीलम अजून बाकावरच होती. फोटोतली ओळ वाचायची आणि त्या पानाखाली शेरा लिहायच्या जागेत टाइप करायची.

"आता काय करतं?" मी विचारलं.

"चौकटीले वाचता येईन असं लिहितो," ती म्हणाली. "आजी बोलल्या का?"

"अजून नाही," मी म्हणालो, आणि आत जाऊन बसलो.