पंक्चरची थाप

फिजिओताईला डावं-उजवं कळत नसे. अगदीच कळत नसे असं नाही. थांबून, हात किंचित हलवून पाहिला की कळे. पण गाडी चालवताना मागचा हॉर्नवाला तेवढी सवड देतोय कशाला!

लहानपणी ती डावखुरी होती. आत्याने हट्टाने पेन्सिल दुसऱ्या हातात दिली. अक्षर सुधारलं, पण डोक्यात जो गोंधळ झाला तो कायमचा. लोक सांगतात, लिहायचा हात तो उजवा. पण जिचा लिहायचा हात एक आणि भाजी चिरायचा दुसरा, तिने कुठला धरायचा?

घरोघरी जाऊन पेशंटकडून व्यायाम करून घेणं हे तिचं काम. पेशंट तिला फिजिओताई म्हणत. कामात तिचं कधी अडलं नाही, कारण ती डावा-उजवा म्हणतच नसे. गुडघ्याला हात लावून म्हणे, "हा उचला." त्यामुळे तिची ही खोड नवऱ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. नवऱ्याने मात्र त्यावर वर्षानुवर्षं विनोद केले होते आणि तिनेही ते हसून घेतले होते. हसलं की विषय संपतो, एवढं तिला कळलं होतं.

पण मोठ्या बाईंच्या घरी जे झालं त्याला हसण्याची सोय नव्हती.

मोठ्या बाई म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा पलंग खाली हॉलमध्ये आणला होता. त्यांची खरी खोली वर होती. पुस्तकं, खिडकी, लिहायचं टेबल, सगळं वर. "मला माझ्या खोलीत कधी नेणार गं तू?" हे त्यांचं दर खेपेचं पालुपद. फिजिओताईला त्या पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करत, आणि तिला ते आवडे.

शेवटी तिने शब्द दिला, "सोमवारी जिना चढू."

त्या सोमवारी नेहमीचा रस्ता खोदला होता. तिने मोबाइलवर नकाशा लावला. ऐन चौकात ऑफिसचा फोन आला, पडद्यावरचा नकाशा गेला आणि मागे नुसता आवाज उरला, "डावीकडे वळा." ती वळली. भलतीकडे. पुढे थेट हायवे लागला, आणि त्यावर मागे फिरायला जागाच मिळेना. पोहोचेपर्यंत तास उलटून गेला होता.

बाई जिन्याजवळ खुर्ची घेऊन बसल्या होत्या म्हणे. बसून बसून कंटाळल्या आणि एकट्याच उठल्या. दुसऱ्या पायरीवरून घसरल्या. नशिबाने खुबा वाचला. मनगट मुरगळलं, कपाळाला टेंगूळ आलं. फिजिओताई दारात पोहोचली तेव्हा त्यांची मुलगी ऑफिसातून धावत येऊन उभी होती.

"ताई, होतात कुठे तुम्ही?"

तिच्या तोंडून निघून गेलं, "गाडी पंक्चर झाली."

ठरवून मारलेली थाप नव्हती ती. वाट चुकले म्हणायचं तर पुढे 'कशी' आलं असतं, आणि त्या 'कशी'ला उत्तर द्यायची तिची छाती झाली नाही.

मुलगी लगेच निवळली. "अरेरे! त्याला तुम्ही तरी काय करणार?" आणि आईकडे वळली. "ऐकलंस? माणसाची गाडी पंक्चर होऊ शकते. तुला जरा दम धरवला नाही? लहान आहेस का तू आता?"

जिच्या पावलांच्या आवाजाने अख्खी शाळा गप्प होत असे, ती बाई मान खाली घालून म्हणाली, "चुकलंच माझं."

फिजिओताई त्यांच्या मनगटाला पट्टी बांधत होती. तिने गाठ मारली आणि उरलेली पट्टी खाली बघत पिशवीत ठेवली.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला वाट चुकल्याचं सांगितलं, पंक्चरचं नाही. तो म्हणाला, "बस झाला हा मोबाइल. फोन आला की नकाशा गुल! गाडीत लावायचं वेगळं यंत्र घेऊ. थेट उपग्रहावरून चालतं, त्याला ना नेटवर्क लागतं ना त्यावर कुणाचा फोन येतो."

शनिवारी दोघं इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेली. काउंटरवरच्या विक्रेत्याने एकापाठोपाठ एक यंत्रं मांडली. "हे घ्या मॅडम. याचा आवाज एकदम स्पष्ट. बाईचा लावा, पुरुषाचा लावा. पडद्याकडे बघायचीसुद्धा गरज नाही, नुसतं ऐकत जायचं."

"आवाज बंद करता येतो का?" तिने हळूच विचारलं.

विक्रेत्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "बंद? अहो, लोक आवाजासाठीच तर घेतात!"

"पडद्यावर वळणाचं चित्र मोठं दिसणारं दाखवा ना. बाण असलेलं."

"दाखवतो. पण मॅडम, आवाज असताना बाण कशाला?"

ती एका यंत्राचा पडदा उगाच बोटाने पुसू लागली. कानाच्या पाळ्या तापल्या. आणि नवरा, तिची बाजू सावरायच्या भरात, काउंटरवर रेलून मोकळ्या आवाजात म्हणाला, "अहो, हिला डावीकडे सांगितलं की ही हमखास उजवीकडे जाते! परवा तर पेशंटकडे निघाली आणि हायवेला लागली. तासभर फिरत होती. माझ्याशी लग्न केलं तेही बहुतेक चुकीचं वळण घेऊनच!"

विक्रेता हसला. बाजूच्या काउंटरवरचं कुणीतरी हसलं. तीही सवयीने हसायला गेली, आणि हसता हसता तिला पलीकडे मोठ्या बाईंची मुलगी दिसली.

मुलगी पाठमोरी होती, दुसऱ्या विक्रेत्याशी बोलत होती. वळून पाहताच तिचा चेहरा खुलला. "अरे, ताई! इकडे कुठे? गाडीचं झालं का काम? टायर बदललात की पंक्चरच काढलंत?"

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. मुलीने मघाचं ऐकलं की नाही, काही कळायला मार्ग नव्हता.

"पंक्चरच काढलं," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला.

नवरा नको तिथे बोलणारा असला तरी बावळट नव्हता. तो एकदम यंत्राची खोकी उलटसुलट करून पाहू लागला.

"मी आईसाठी कॅमेरा घेतेय," मुलगी सांगू लागली. "हॉलमध्ये लावणार. ऑफिसातून फोनवर बघता येतं, ऐकता येतं, बोलताही येतं. तिचा आता भरवसा वाटत नाही हो. उठली म्हणजे? ती नको म्हणतेय, रडलीसुद्धा. पण त्या दिवशी तुम्ही पाहिलंत ना, कशी वागली ते?"

"हो," फिजिओताई म्हणाली. एवढंच. पायाखालची फरशी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं, पण फरशी चांगली मजबूत होती.

मुलगी कॅमेरा घेऊन गेली. यांनी मोठ्या पडद्याचं, वळणाचं चित्र दाखवणारं यंत्र घेतलं. गाडीत बसल्यावर नवऱ्याने खोकं तिच्या मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "पंक्चर?"

तिने सगळं सांगितलं. त्याने चेष्टा केली नाही. ती केली असती तर बरं झालं असतं, इतकी ती शांतता तिला टोचली.

"तू दुकानात तसं बोलायला नको होतंस," ती म्हणाली.

"नको होतं," तो म्हणाला. "पण तिला 'हो' मी नाही म्हणालो."

तिने मांडीवरचं खोकं उघडलं आणि आवाज बंद करायचं बटण शोधलं.

डॉक्टरांनी सांगितलेली आठवड्याची विश्रांती संपली आणि सोमवारी ती वेळेआधीच पोहोचली. यंत्राचा आवाज बंद होता, पडद्यावरचा जाडजूड निळा बाण जिकडे वळे तिकडे ती वळली. हॉलमध्ये कपाटावर पांढरा वाटोळा कॅमेरा बसवला होता, त्यावर हिरवा दिवा. बाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या.

"आज बसून व्यायाम करू का, बाई?"

"कर काय करायचं ते. वर जायचं म्हणू नकोस. मी आता कुठे जात नाही." त्यांनी कॅमेऱ्याकडे बोट केलं. "ती बघते. मी खोकले तरी विचारते, आई काय झालं."

फिजिओताई पलंगापाशी बसली.

"बाई, त्या दिवशी माझी गाडी पंक्चर झाली नव्हती."

बाई कुशीवर वळल्या.

"मी वाट चुकले. मला डावं-उजवं कळत नाही. लहानपणापासून. ते सांगायची लाज वाटली, म्हणून खोटं बोलले."

"टायरला काहीच झालं नव्हतं?"

"नाही."

"म्हणजे मी तिची बोलणी खात होते, तेव्हा तुला हे माहीत होतं. आणि तू मला पट्टी बांधत होतीस."

"हो."

बाई उशीला टेकून उठून बसल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "शाळेत अशी मुलं असायची. आपल्यामुळे दुसऱ्याला शिक्षा होत असताना खाली बघून पुस्तक वाचणारी. दंगेखोरांपेक्षा मला त्यांचा जास्त राग यायचा."

तेवढ्यात कपाटावरून खरखर झाली आणि मुलीचा आवाज आला. "ताई, मी ऐकलंय. थांबा तिथेच. मी येते."

ती आली तेव्हा तिला धाप लागली होती. "परवा दुकानात माझ्यासमोर उभ्या होतात तुम्ही," ती म्हणाली. "माझ्या हातात कॅमेरा होता. आई रडली म्हणून सांगितलं मी तुम्हाला. निदान तेव्हा तरी?"

फिजिओताईने मान वर केली नाही. "तेव्हा बोलायला हवं होतं. त्याच्याही आधी बोलायला हवं होतं."

"मी तिला काय काय बोलले, माहितेय? वृद्धाश्रमात ठेवीन म्हणाले!"

"ते तू बोललीस," पलंगावरून बाई म्हणाल्या. "हिने नाही. हिच्यावर ओरडलीस म्हणून माझ्यावर ओरडलेलं पुसलं जात नाही."

मुलगी मटकन खुर्चीत बसली. मग उठून तिने कॅमेऱ्याची वायर काढली. आईजवळ जाऊन तिने तो दुखरा हात हातात घेतला आणि ती तो कुरवाळत बसली. फिजिओताईने पिशवी उचलली. इथे आता आपण परक्या आहोत, हे तिला सांगावं लागलं नाही.

दारात असताना बाईंचा आवाज आला. "आज माझ्याने तुमच्यासमोर पाय उचलवणार नाही. बुधवारी या. वेळेवर या."

तुमच्यासमोर. या. तिला वाटलं, रागाच्या भरात निघालं असेल तोंडून.

ऑफिसात तिने आपणहून सगळं सांगितलं. वरिष्ठांनी खरमरीत ऐकवलं आणि पेशंट बदलून देऊ म्हणाले. पण मुलीने फोन करून कळवलं की आईला हीच फिजिओ हवी आहे, कारण तिचा हात चांगला आहे. एवढंच कारण.

नंतर एका सकाळी बाई जिना चढल्या. एक हात कठड्यावर, एक फिजिओताईच्या खांद्यावर. मुलगी मागे. खोलीत पोहोचल्यावर त्यांनी टेबलावरून बोट फिरवलं, धूळ पाहिली आणि मुलीला म्हणाल्या, "बघ काय अवस्था केलीयेस." मग दोघी हसू लागल्या.

फिजिओताई दाराशी उभी होती. बाईंनी हसू आवरलं आणि तिच्याकडे वळून नीट, परक्याशी बोलावं तशा आदराने म्हणाल्या, "तुमचे आभार. तुम्ही बसा ना."

"नको, पुढचे पेशंट वाट बघतायत," ती म्हणाली आणि जिना उतरली.