नाव घेणारं माणूस

"वहिनी, हाक तुमालाच मारावी लागंल," आबा म्हणाले आणि ताटात अर्धी भाकरी तशीच ठेवून हात धुवायला उठले.

थोरली आई चुलीपुढे बसली होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, विस्तवावर फुगवली, टोपलीत टाकली. कानावर शब्द पडलेच नाहीत असा तिचा चेहरा होता. माझ्या आईनं माझ्याकडे बघितलं आणि मी मान खाली घातली, कारण हा सगळा खटाटोप माझ्या लग्नासाठी चालला होता.

परंदवडीचं स्थळ आलं होतं. माणसं चांगली होती, पण मुलाच्या चुलत्यानं उठता उठता पायात खोडा घातला. "तुमच्या घरात एक माणूस अधांतरी हाय. त्याचं काय ते करा, मंग तिथी काढू." तो अधांतरी माणूस म्हणजे आबांचा, माझ्या वडलांचा, थोरला भाऊ आणि थोरल्या आईचा नवरा. मी पाच-सहा वर्षांची असताना तो खंडाळ्याकडे एका खाणीवर खडी फोडायला गेला आणि परत आला नाही. मेल्याची खबर नाही, जगल्याची खूण नाही. थोरली आई कुंकू लावत राहिली.

बारा वर्षं वाट बघायची आणि मग पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा, ही आमच्याकडची रीत. बहात्तर साल उजाडलं तेव्हा बारा सरून वर दोन पावसाळे झाले होते. आमच्या घराण्यात त्या रीतीला आणखी एक शेपूट होतं. अग्नी देण्याआधी घरच्या माणसानं त्याला नाव घेऊन तीनदा हाक मारायची. जिवंत असेल, कुठं वाटेत असेल, तर त्यानं ऐकून यावं. नसेल तर सुटावं.

घोडं अडलं ते इथं. त्याला नावानं हाक मारणारी माणसं दोनच होती, माझा आजा आणि आजी. दोघंही गेली होती. धाकटा भाऊ थोरल्याचं नाव घेत नाही. आबा जन्मभर 'दादा' म्हणाले. आम्ही पोरांनी नाव घेतलं तर थोबाडीत बसली असती. आणि बायकोनं तर नवऱ्याचं नाव घ्यायचंच नाही, आयुष्य कमी होतं. म्हणजे कान्हे गावातल्या आमच्या त्या घरात, जिथं तो जन्मला, तिथं त्याला हाक मारू शकेल असं एक माणूस राहिलं नव्हतं. मला ते एकदम लक्षात आलं.

भटजींनीच तोड काढली. बायको म्हणजे अर्धं अंग, तिनं हाक मारली तर चालेल, म्हणाले. त्यांना चालणार होतं. हिला चालणार होतं का, हे कुणी विचारलं नाही.

माझ्या चुलत्याचं नाव नथू. मला हे नाव सांगायला आज काही वाटत नाही, पण त्या काळी आमच्या घरात ते नुसतं उच्चारायचं नाही एवढ्यावर भागत नव्हतं. त्या नावाच्या सावलीत येणारे शब्दही वर्ज्य. थोरली आई नथीला कधी नथ म्हणाली नाही. 'नाकातलं' म्हणायची. सासऱ्याचं नाव कोंडिबा, म्हणून आमच्या घरात कोंडा नव्हता, 'भुस्कट' होतं. सासू सरूबाई, म्हणून डब्यातलं तेल कधी सरलं नाही. ते 'उरलं नाही'. मी तिच्या मांडीवर वाढले, तिचेच शब्द उचलले. शाळेत मास्तरांनी विचारलं, दळण चाळल्यावर वर काय राहतं? मी ताठ उभी राहून म्हणाले, भुस्कट. अख्खा वर्ग हसला. मी घरी येऊन रडले तर आजी म्हणाली, "हसू दे मेल्यांना. त्यांच्या घरात कुणाला मान न्हाई."

आजीनंच मला एकदा ही नावं कुठून आली ते सांगितलं होतं. आज्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत. म्हणून तो जन्मला तेव्हा त्याला सुपात कोंड्यावर निजवलं, एका शेजारणीला देऊन टाकलं आणि मूठभर कोंडा देऊन तिच्याकडून परत घेतला. मरणाला वाटावं, हे पोर फुकटचं आहे, याला नेऊन काय करायचं. तो कोंडिबा. पुढं आजीचे दोन मुलगे पाळण्यातच गेले. तिसरा झाला तसं तिनं त्याचं नाक टोचलं, बारीकशी नथ घातली, मुलीसारखं सजवलं. मुलगा न्यायला आलेल्यानं फसून मागं फिरावं. तो नथू. आमच्या मावळात अशी कितीतरी माणसं हिंडत असतात, मरणापासून तोंड लपवायला दिलेली नावं घेऊन. आपण सरळ हाक मारतो, मागची भीती आपल्याला माहीत नसते.

"माजा नथू मरनाला दिसत न्हाई," असं आजी शेवटपर्यंत म्हणायची. लेक खाणीवरून आला नाही त्यावर तिचं एवढंच म्हणणं होतं. त्याला मरण सापडलेलंच नाही, तो कुठंतरी आहे.

थोरल्या आईनं ते धरून ठेवलं. पण तिचं आणखी काहीतरी होतं. चालता चालता ती थांबायची, मान वळवायची आणि म्हणायची, "ओ." कुणी हाक मारलेली नसायची. दुपारची वेळ, अंगणात कोंबड्या, मी आणि ती शेंगा फोडत बसलेलो, आणि ती एकदम गोठ्याकडे बघून, "ओ, आले." मग थोडा वेळ वाट बघून परत शेंग हातात घ्यायची. लहानपणी मला यात वावगं वाटलं नव्हतं. वाटायचं, सगळ्यांच्याच थोरल्या आया असं करत असतील. मोठी झाले तसं मात्र तिनं 'ओ' दिली की मी त्या दिशेला बघायचं टाळू लागले. तिकडे कुणी नाही हे मला ठाऊक होतं. तरी भीती वाटायची, खोटं कशाला सांगू.

विधीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी परड्यात पळसाची पानं निवडत बसलो होतो. किडकी बाजूला, चांगली बाजूला. मी म्हणाले, "थोरले आई, तुला नको असंल तर नको. मी आबांना सांगते. ऱ्हाईलं लगीन तर ऱ्हाईलं."

"गप, भामे. लगनाचं न्हाई ते."

"मग?"

तिनं आणखी दोन पानं पुसली. मग तिनं मला जे सांगितलं ते तिनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

चुलता गेला त्याच वर्षी त्याच्या खाणीपासून पुढं एका खाणीत सुरुंग वेळेआधी उडाला होता. टोळ्या इकडच्या तिकडे जायच्या, कुठला माणूस कुठं होता ते मुकादमालाही सांगता येईना. कान्ह्याकडचा एकजण असावा एवढंच कळलं. आबा खाणीवर चौकशीला गेले आणि थोरली आई एकटी लोणावळ्याला दवाखान्यात गेली. तिथं खाटेवर एक माणूस होता. डोक्यापासून कमरेपर्यंत पांढऱ्या पट्ट्या. नाक-तोंड काही राहिलं नव्हतं. एक कान तेवढा उघडा.

"नर्सबाई लय चांगली व्हती," थोरली आई म्हणाली. "म्हनली, बाई, नावानं हाक मारा. वळखीचं नाव ऐकलं की ही मानसं जागी व्हत्यात. मी म्हनलं, अवो. मी म्हनलं, अवो, मी आलीया. त्यो हालला न्हाई."

"अवो तर सगळ्याच बायका म्हणतात."

"तेच नर्सबाई म्हनली. नाव घ्या नाव. मी कसं घेऊ, भामे? त्यो मरनाच्या दारात, आन मी तितं त्याचं नाव घेऊ? मीच दावून देऊ, हितं हाय म्हनून?" तिच्या हातातलं पान फाटलं. तिनं ते बाजूला ठेवलं. "ती म्हनली, मला सांगा, मी मारते हाक. मला तिच्याम्होरं बी सांगता येईना. मग मी पळाले."

"कुठं?"

"बाजारात. आपल्या गावची झुंबरबाई तितं भाजी इकायची. म्हनलं, तिला घिऊन यावं, ती घील नाव. ती गिऱ्हाईक सोडून आली बिचारी, तशीच धावत. आमी पोचलो तर खाटंवरची चादर काढत व्हते."

परड्याबाहेरून गाडी गेली, पुण्याकडे जाणारी.

"मग बगितलंस न्हाई त्याला?"

"बगितलं. हात बगितलं, पाय बगितलं. खडी फोडनाऱ्याचं हात, सगळ्यांचं सारकंच. सांजंला तुजा आबा आला, त्याला बी वळखता येईना. आमी म्हनलं, न्हवं आमचा." मग ती माझ्याकडे वळली. "मी नाव घेतलं असतं तर त्यो जागा झाला असता का गं?"

हा प्रश्न तिनं चौदा वर्षं एकटीनं सांभाळला होता. तो माणूस चुलता असेल, तर तो आपल्या बायकोनं परक्यासारखी हाक मारलेली ऐकून मेला. म्हणून तो चुलता असता कामा नये. आणि चुलता नसेल, तर तो जिवंत आहे, आणि उद्या तिच्याच तोंडून त्याचं नाव निघालं की मरणाला त्याचा पत्ता लागणार. कुठूनही मोजलं तरी दोष तिच्याच पदरात. मला त्या भटजींचा, परंदवडीच्या त्या चुलत्याचा आणि माझ्या स्वतःच्या लग्नाचा इतका राग आला की मी पानांची पाटी उचलून आपटली. थोरल्या आईनं सांडलेली पानं परत गोळा केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंद्रायणीवर गेलो. बायका एरवी मसणवटीत जात नाहीत, पण हाक मारणारीच बाई, म्हणून आई आणि मीही गेलो. दुष्काळाचं वर्ष, नदी कुठं दिसत नव्हती, नुसते गोटे आणि मधे एक डोह. भटजींनी दर्भ पसरून त्यावर पानं रचली. हात, पाय, छाती. डोक्याच्या जागी नारळ. वर पांढरं कापड घातलं. लांबून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, दमून कुणीतरी निजलंय.

"वहिनी, बांगड्या मागनं वाढवायच्या," आबा हळूच म्हणाले. बांगड्या फोडायच्या असं आमच्यात म्हणत नाहीत. फोडतात मात्र.

थोरली आई पुढं झाली. भटजी म्हणाले, नदीकडे तोंड करून, मोठ्यानं. ती नदीकडे वळलीच नाही. ती खाली बसली. गोट्यांवर नीट मांडी घातली, पदर सावरला आणि वाकून त्या माणसाच्या डोक्यावरचं कापड एका बाजूनं किंचित सारलं. कान असतो तिथं.

"नथू," ती म्हणाली.

तिच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. ते तिला नीट म्हणताही आलं नाही, नवीन भांडं हाताळावं तसं तिनं ते जपून उच्चारलं. आबांनी तोंड फिरवलं. माझी आई रडायला लागली.

"नथू, मी आलीया. कस्तुरा." ती आणखी वाकली. "नथू, उठा."

तीन झाल्या. भटजींनी आबांना खूण केली. आबांनी पलिता पेटवला आणि ते पायांकडच्या बाजूला आले. थोरली आई अजून वाकलेलीच होती. आता तिनं आपला कान त्या पानांच्या तोंडाशी नेला होता. वर न बघता तिनं हात आडवा केला.

"थांबा भाऊजी," ती म्हणाली. "झोपंतनं उठाया येळ लागतो त्यास्नी."

आबांनी पलिता मागं घेतला आणि आम्ही सगळे थांबलो.