कार्डावरचे एकशे अडतीस

“हा काही एका जागी बसायचा नाही!”

माझ्या कानावर पडलेलं पहिलं वाक्य हेच. कारखान्यातला एक म्हातारा कारागीर माझ्या काचेच्या नळीत पारा भरत होता. भरताना एक थेंब निसटला, टेबलावर त्याचे दहा झाले, आणि म्हातारा कागदाचा तुकडा घेऊन त्यांच्यामागे पळत सुटला. पळता पळता हसत होता. तो हात मला पुन्हा लागला नाही, पण ते हसू अजून आठवतं.

मित्रांनो, मी रक्तदाब मोजायचं जुनं पाऱ्याचं यंत्र. एक पत्र्याची पेटी, एक नळी, दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार. पण जीव पाऱ्याचा. वर गेलो की खाली यायची घाई, खाली आलो की वर जायची. माणसं निवांत झोपतात, त्याचं मला फार नवल वाटतं.

पहिली काही वर्षं मी एका मोठ्या दवाखान्यात होतो. “याचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ,” असं तिथले डॉक्टर म्हणायचे. मी मनातल्या मनात फुगायचो. मग एके दिवशी मला एका सिस्टरच्या हाती दिलं. तिची चाल भरभर, बोलणं त्याहून भरभर. आमची जोडी जमली.

काम मोठं होतं. शहरात पाच वस्त्या निवडल्या होत्या. बंदरावरचे हमाल, विणकर, खाणी बंद पडल्यावर आलेली माणसं, उंच इमारतींतले कारकून आणि रंगगल्लीतले रंगारी. पाच वस्त्या, पाच बोली. कोणाचं हृदय कशानं थकतं, ते शोधायचं होतं. हे संशोधन चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरबाई म्हणायच्या, “आजवर ज्यांना रजा मिळते, त्यांचीच हृदयं पुस्तकात आलीत. बाकीच्यांची कोण मोजणार?” जिथे दुखणं जास्त सापडेल, तिथे हृदयाचा दवाखाना उघडायचा होता.

मी दारोदार फिरलो. किती दंड पाहिले! ओझ्यानं दगड झालेले, बाळाला थोपटून थकलेले, लाजून पदराआड लपणारे. सिस्टर प्रत्येकाला आधी पाच मिनिटं गप्प बसवायची. मग पट्टा, मग फुगा, मग हलकेच हवा सोडणं. पहिला ठोका ऐकू आला की वरचा आकडा, ठोका विरला की खालचा.

रंगगल्लीत आम्ही शेवटी पोचलो. तिथं वाफेनं भिंती घामेजलेल्या, गटारातून कधी निळं पाणी वाहायचं, कधी किरमिजी. बायका हौदावर कापड पिळता पिळता गुणगुणायच्या:

रंग लागला हाताला, जाईना गं धुतल्यानं
जीव लागला माणसाला, मोजू त्याला कशानं

कारखान्याच्या मालकानं एका अटीवर परवानगी दिली होती. तपासणीची वही आणि माणसांना द्यायची कार्डं मुकादमाला दाखवायची. डॉक्टरबाईंनी मान्य केलं. एवढ्याशा गोष्टीला काय हरकत, असं त्यांना वाटलं असावं. मित्रांनो, सगळा घोळ त्या एवढ्याशा गोष्टीत होता.

पहिल्याच दिवशी बॉयलरवाले काका आले. धिप्पाड, मिशीवर काजळी.

“पाच मिनिटं गप्प बसायचं, काका.”

“पाचच? ताई, आमची ही म्हणेल, रोज येत जा!”

सिस्टर हसली. फुगा दाबला, हवा सोडली, आणि मी पाहिलं. एकशे अठ्ठ्याहत्तर. तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. काकांचं हसू मावळलं.

“किती?”

तिनं सांगितलं. काकांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “ताई, एकशे चाळीसच्या वरचा आकडा मुकादमाला दिसला, की माणूस बॉयलरवरून खाली. आणि खाली म्हणजे घरी. माझ्या दोन मुली शिकतायत. जरा खाली लिहा.”

“असं कसं लिहू? हा आकडा माझा नाही, काका. तुमचा आहे.”

“माझाच ना? मग मला हवा तसा लिहा की!”

ती बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-मिटत राहिली. मग लिहिलं. एकशे अडतीस. कार्डावर तेच, वहीत तेच. “पण उद्याच्या उद्या सरकारी दवाखान्यात जाऊन गोळ्या सुरू करा. शपथ घ्या.”

“मुलींची शपथ,” काका म्हणाले.

गल्लीत बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी चौघं आले, तिसऱ्या दिवशी नऊ. कोणाचा आकडा खाली ओढला, खरा किती होता, हे सिस्टर ओठांतल्या ओठांत पुटपुटत राहायची. मी पेटीत बंद, तळमळत. मित्रांनो, मी कधी खोटं बोललो नाही, पण खऱ्याला तोंड नसेल तर त्याचा काय उपयोग?

मोजणी संपली. नवी विजेवरची यंत्रं आली. ती आकडा स्वतःच छापून देतात. पारा फुटला तर विषारी, म्हणून मला संशोधनाच्या कार्यालयातल्या कपाटावर ठेवून दिलं. तिथून खोली दिसायची, पण माझ्याकडे कोणी मान वर करून बघायचं नाही. धूळ बसली. रबर तडकलं.

एके दुपारी काकू आल्या. काकांची बायको. हाताला निळा रंग तसाच.

“सिस्टर, यांचा डावा हात गेला हो. तोंड वाकडं झालंय. बोलतात, पण अर्धं त्यांचं त्यांनाच कळतं.”

सिस्टर उभीच राहिली. “गोळ्या घेत नव्हते?”

“कसल्या गोळ्या? आरशाच्या चौकटीत कार्ड खोचून ठेवलं होतं. मी मीठ आखडलं की कार्ड पुढे करायचे. ‘हे बघ, शिक्का मारलाय. एकशे अडतीस! वाढ मुकाट्यानं.’ मी मेली वाढत राहिले.” काकूंनी डोळे पुसले. “तुम्हाला बोल लावायला नाही आले. एवढंच विचारते. तुम्ही मोजलंत तेव्हा तर ठीक होतं ना? नंतरच काहीतरी झालं असणार. होय ना?”

सिस्टरनं काकूंसमोर खुर्ची सरकवली.

“होय, काकू.”

काकू गेल्या. वाटलं, कपाटावरून उडी मारून फुटून जावं. निदान त्या आवाजानं कोणी काही विचारलं असतं.

पुढच्या सोमवारी त्याच खोलीत बैठक भरली. भिंतीवर शहराचा नकाशा. डॉक्टरबाईंनी चार टाचण्या टोचल्या. बंदर, विणकर, खाणवाले, कारकून. पाचवी टाचणी त्यांनी डबीत परत टाकली.

“रंगगल्लीला दवाखान्याची गरज दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “नवलच आहे. दिवसभर वाफेत उभी राहणारी माणसं, आणि कारकुनांपेक्षा ठणठणीत! यावर वेगळा लेख लिहायला हवा.” कोणीतरी टेबलावर थाप मारली. सहीचा कागद पुढे सरकला.

सिस्टर खिडकीपाशी बसली होती. पेनाचं टोपण उघडत-मिटत होती.

मित्रांनो, मी एक भंगारातला जीव, मी तुम्हाला काय सांगणार? पण तुमच्या घरात कोणाला जिना चढताना दम लागत असेल, कोणी “मला काही झालेलं नाही” म्हणत हात चोळत असेल, तर त्यांना पाच मिनिटं बसवा आणि मोजून घ्या. आणि जो आकडा येईल, तो तसाच लिहा. दया आली तर औषध आणून द्या, सोबत जा, मुकादमाशी भांडा. आकड्यावर दया करू नका.

“डॉक्टर.” सिस्टर उठली होती. “सही करू नका.”

“का? काय झालं? बसा ना.”

ती बसली नाही. एरवी शब्दाला शब्द भिडवून बोलणारी ती, एकेक शब्द जमिनीवर ठेवावा तशी बोलू लागली.

“रंगगल्लीचे आकडे खरे नाहीत. मी खाली ओढलेत. मुकादम वही बघायचा, माणसं हात जोडायची, आणि मी लिहीत गेले. काकूंना तोंडावर खोटं सांगितलं. एकेचाळीस माणसं आहेत. खरे आकडे मला सगळे पाठ आहेत, डोक्यातून जातच नाहीत. कागद घ्या, मी सांगते. पहिले बॉयलरवाले काका. एकशे अठ्ठ्याहत्तर.”