गोड बोलणारा रंगारी

रंगाऱ्याचं तोंड कामावर कधी बंद नसायचं. भिंत घासता घासता तो घरमालकालाही हसवायचा. बाळ पोटातच गेलं तेव्हाही तो बोलतच राहिला, फक्त बाळाचा विषय सोडून. बायको दवाखान्यात असताना बाळासाठी पिवळी केलेली खोली त्याने पुन्हा पांढरी करून टाकली. घरी आल्यावर ती दारातच थांबली. "मला विचारायचंस तरी," एवढंच म्हणाली.

पुढे तिच्याच हट्टाने दोघं एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागले. रंगाऱ्याला वाटलं, इथे निवाडा होणार; बाई आपल्या बाजूला वळल्या की काम फत्ते. मग काय, आदबीने बोलायचा, "चूक माझीच हो" म्हणायचा, बाईंच्या भिंतीला आलेल्या ओलीवर उपाय सुचवायचा. बाई हसायच्या. बायको खिडकीबाहेर बघत बसायची.

"तुमचं दोघांचं छान जमतंय की," एकदा ती म्हणाली, "मी कशाला हवी?" आणि ती यायची थांबली. थोड्याच दिवसांत भावाकडे राहायला गेली.

पुढच्या भेटीला तो एकटाच गेला. आल्या आल्या त्याने एक विनोद केला. बाई हसल्या नाहीत.

"इतक्या भेटी झाल्या, पण बाळाबद्दल तुम्ही एक अक्षर काढलं नाहीत," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला अडवायला हवं होतं. तिथे मी कमी पडले."

त्याचं डोकं तडकलं. "मग इतके दिवस आम्ही काय गप्पा हाणायला येत होतो?"

"रागावलात ते बरं झालं. हे तरी मनातलं बोललात."

त्याने बाईंच्या ओल आलेल्या भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "तो पिवळा रंग मला बघवेना, मॅडम. ती घरी येऊन रडणार, आणि मग मलाही आवरणार नाही, याची भीती वाटली."

"हे तिला सांगितलंत?"

"ती विचारायची, तेव्हा मी काहीतरी गंमत करून वेळ मारून न्यायचो."

त्या दिवसापासून खरं काम सुरू झालं. "मी हसवायला लागलो की मला थांबवा," त्याने स्वतःच सांगितलं. बाई थांबवायच्या. एखादी गोष्ट पटली नाही की तोही आता तोंडावर तसं म्हणायचा.

त्याच्या विनंतीवरून बायको एकदा आली. त्याने सगळं सांगितलं; सांगताना रडला. तिने त्याचा हात धरला.

"मला वाटलं, तुला काहीच झालं नाही. मी एकटीच आई झाले होते रे," ती म्हणाली. "तेव्हा बोलला असतास तर... आता त्या घरात पाय ठेववत नाही मला."

तिचं सामान त्यानेच टेम्पोत चढवून दिलं.

बाईंकडे तो अजून जातो. मध्यंतरी त्याने विचारलं, "आधी बोललो असतो, तर राहिली असती का हो?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या.

त्याने मान हलवली. या वेळी त्याने विनोद केला नाही.