बर्फ, खुरपं आणि मी

मी एक जुना फ्रीज आहे, एका दाराचा, पोटाने लहान आणि आवाजाने थोडा मोठा. रंग मूळचा लाल, पण मुठीपाशी तो कधीच उडून गेला. मित्रांनो, थंड राहणं हाच माझा धंदा. त्यामुळे जे घडलं ते मी हुंदके देत सांगेन अशी अपेक्षा ठेवू नका.

कारखान्यातलं मला थोडंच आठवतं. पत्रा वाकवला, दोन पत्र्यांच्या मध्ये फेस भरला, पाठीवर नळ्यांची जाळी बसवली, खाली कॉम्प्रेसर ठेवला आणि नळ्यांत गॅस भरून त्यांची तोंडं बंद केली. हा गॅस म्हणजे माझा जीव. तो आतली उष्णता उचलतो आणि पाठीमागून बाहेर टाकतो. गॅस आहे तोवर मी फ्रीज, तो गेला की मी दिवा असलेलं कपाट.

यवतच्या एका दुकानातून मला कासुर्डीच्या पोपटरावांनी विकत घेतलं. त्यांच्या लेकीचं, ज्ञानेश्वरीचं लग्न ठरलं होतं आणि सासर होतं कवठे येमाईचं. पोपटराव टेम्पोवाल्याला म्हणाले, "ह्याला आडवा न्यायचा न्हाई. हुभाच बांधा." कवठ्याला पोचल्यावरही त्यांनी लगेच पिन लावू दिली नाही. "हादरून आलाय. घटकाभर निवू द्या," म्हणाले आणि माझ्याशेजारी खुर्ची टाकून चहा पीत बसले. वऱ्हाडी हसले. मला मात्र तो माणूस आवडला.

घरात तिघं जण. ज्ञानेश्वरी, तिचा नवरा रोहिदास आणि रोहिदासची आई धुरपदाबाई. मागे झेंडूचं शेत. ज्ञानेश्वरीने पहिल्या दिवसापासून माझी उस्तवार केली ती बापाच्याच वळणाने. पंधरा दिवसांनी एकदा ती हात कोरडे करायची, पायात चप्पल घालायची आणि आधी पिन काढायची. मग भांडी-डबे बाहेर, कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा, मऊ फडकं. दाराच्या रबराच्या घड्या ती दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करायची, कारण तिथे काळी बुरशी धरते आणि मग दार नीट चिकटत नाही. पाठीमागची जाळी कोरड्या ब्रशने झाडायची. भिंतीला मला कधी टेकवलं नाही, वीतभर जागा सोडली. गावात दुसऱ्या घरांतले माझे जातभाई डोक्यावर पिठाचे डबे आणि पाठीवर कोळिष्टकं घेऊन उभे असतात असं ऐकतो. त्यांच्या मानाने माझं बरं चाललं होतं.

बर्फ साठला की ती फ्रीझरमधलं बटण दाबायची, दार उघडं ठेवायची, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवायची आणि आपल्या कामाला लागायची. सासूला तिने सांगून ठेवलं होतं, "आत्या, बर्फाला काय बी टोचू नका. आपला आपुन वितळतुय."

धुरपदाबाईंना साखर होती. त्यांच्या इन्सुलिनच्या बाटल्या माझ्या दारात, मधल्या कप्प्यात, एका स्टीलच्या डबीत असायच्या. फ्रीझरपाशी ठेवल्या तर गोठतात, म्हणून दारात. दोन महिन्यांच्या एकदम आणलेल्या असत. सकाळ-संध्याकाळ त्या दार उघडायच्या, डबी काढायच्या, पुन्हा ठेवायच्या. लोणी, दूध, कोथिंबीर यांचं मला विशेष काही नाही. त्या डबीची मात्र मला जाणीव असे. सगळ्या घरात माझ्यावाचून अडेल असं तेवढंच एक काम होतं.

या धुरपदाबाईंना रिकामं बसता येत नाही. झेंडूच्या सरीत खुरपायला बसल्या की बरोबरीच्या बायका मागे राहतात. हात चालू, तोंड चालू, आणि तण असं मुळापासून बाहेर.

मागच्या चैत्रात पोपटरावांचं, ज्ञानेश्वरीच्या आण्णांचं, वर्षश्राद्ध होतं. ज्ञानेश्वरी आणि रोहिदास दोन दिवसांसाठी कासुर्डीला गेले. गुरांसाठी धुरपदाबाई घरी थांबल्या. जत्रा चार दिवसांवर आली होती आणि फ्रीझरमध्ये चांगला चार बोटं बर्फ झाला होता. सून दुःखातून येणार, आल्या आल्या तिच्या गळ्यात हे काम नको, असं त्यांच्या मनात आलं. बटण त्यांनी दाबलंही. पण पाऊण तास झाला तरी बर्फ जागचा हलेना. दार उघडं टाकून नुसतं बसायचं, हे त्यांच्याने होईना. त्यांनी कोपऱ्यातलं खुरपं घेतलं.

हात सवयीचा. बर्फ ढलप्यांनी निघाला. मग एका ठिकाणी खुरप्याचं टोक पत्र्यात गेलं आणि "सूऽऽ" असा बारीक आवाज आला. धुरपदाबाईंनी हात आखडला. बोट लावून पाहिलं. आवाज थांबत नव्हता. फ्रीझरच्या पत्र्यातच माझ्या नळ्या असतात. तो माझा जीव जात होता.

चीर सुईएवढी होती, म्हणून मी लगेच संपलो नाही. धुरपदाबाईंनी सगळं पुसलं, सामान लावलं, दार लोटलं. सून आली की सांगायचं, असं त्या स्वतःशीच दोनदा मोठ्याने म्हणाल्या. मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरी आली. रडून डोळे सुजलेले. तिने माझं दार उघडलं, फ्रीझर पाहिला आणि वर्षश्राद्धाचं जेवण करून आल्यावर पहिल्यांदाच हसली. "आत्या, किती झ्याक केलंत ओ. आण्णांनी बघितलं आसतं तर खूश झालं आसतं." "व्हय," एवढंच म्हणून धुरपदाबाई गोठ्याकडे गेल्या.

जत्रेत पाहुणे आले. दार शंभरदा उघडत-मिटत होतं, तेव्हा पाणी गार का होत नाही याचं कुणाला नवल वाटलं नाही. मग दूध नासलं. रोहिदास म्हणाला, "लाईटीचा दाबच न्हाई. सगळ्यांच्या मोटारी एकदम चालत्यात." ज्ञानेश्वरीने गारव्याचं बटण सातवर फिरवलं आणि दूध दोनदा तापवायला लागली. आतला दिवा लागत होता, कॉम्प्रेसर घरघरत होता. दिव्याला गॅस लागत नाही. मी चालू दिसत होतो, एवढंच. इतक्या वर्षांत मला माझी कधी लाज वाटली नव्हती, ती त्या दिवसांत वाटली.

पत्र्याखालचं स्वयंपाकघर दुपारी चुलीसारखं तापे. त्या उष्म्यात डबीतल्या बाटल्या तापत होत्या. धुरपदाबाई रोज डबी काढायच्या, बाटली तळहातावर धरायच्या, ती कोमट आहे हे त्यांना कळायचं. तरी सुई भरून घ्यायच्या आणि बाटली पुन्हा माझ्यातच ठेवायच्या. असे अठरा दिवस गेले. त्यांना तहान लागू लागली, पाणी पुरेना. चालताना त्या ओट्याला धरू लागल्या. मला सगळं दिसत होतं. त्या जातील अशी मला भीती वाटत होती, आणि ही भीती सांगायला माझ्याकडे काही नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी त्या झेंडूच्या सरीत पडल्या.

शिरूरच्या डॉक्टरांनी साखर तपासली आणि पहिला प्रश्न विचारला, औषध कुठे ठेवता. "फ्रीजमधी," रोहिदास म्हणाला. "फ्रीज गार करतो का?" यावर त्याने नासलेल्या दुधाचं सांगितलं. डॉक्टरांनी धुरपदाबाईंना दवाखान्यातच ठेवून घेतलं, नवीन बाटल्या दिल्या, जुन्या फेकायला लावल्या. ज्ञानेश्वरीने नव्या बाटल्या पिशवीत बांधून ओल्या फडक्यातल्या मडक्यात ठेवल्या आणि मेकॅनिक बन्सीला बोलावलं.

बन्सी शांत माणूस. त्याने आधी पिन काढली, खिडक्या उघडल्या, मग नळीत थोडा दाब भरून फ्रीझरला साबणाचं पाणी लावलं. एका ठिकाणी बुडबुडा फुगला. "वहिनी, हे आपुआप झालेलं न्हाई," तो म्हणाला. "चाकूचं बी न्हाई. खुरप्याचं टोक हाय हे."

ज्ञानेश्वरीने कोपऱ्यातल्या खुरप्याकडे पाहिलं. "फ्रीझर नवा बसवा," एवढंच म्हणाली.

तीन दिवसांनी धुरपदाबाई घरी आल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकल्या. नवा फ्रीझर त्यांना दिसला. ज्ञानेश्वरी भाकरी थापत होती. धुरपदाबाईच बोलल्या.

"तुझ्या बापाची आठवण ती. वरसाचं करून आलीस आन् हसलीस. तवा कसं सांगू, का म्या मोडली म्हणून?"

"आन् इंजेक्शन? गरम हुतंय ते ठावं व्हतं ना तुम्हाला?"

"व्हय."

"मग मडक्यात तरी ठिवायचं, आत्या."

"मडक्यात ठिवलं आसतं तर तू इचारलं आसतंस, फ्रीज आसताना मडकं कशाला."

ज्ञानेश्वरीचा हात परातीत थांबला. तव्यावरची भाकरी करपू लागली, ती तिने उलथली नाही.

"आण्णा गेलं तवा मी कुणाच्या मांडीवर रडले? ह्या फ्रीजच्या का?" ती म्हणाली. "मोडला आसता तर मोडला आसता. तुम्ही मला एका वरसात दुसरं माणूस घालवायला लावत हुता."

मग त्या दोघी रडल्या. करपलेली भाकरी गाईला गेली.

मला थोडं लागलं, नाही म्हणत नाही. पोपटरावांनी मला उभं आणलं होतं, निवू दिलं होतं. पण ज्ञानेश्वरी बोलली ते बरोबर होतं, आणि पोपटरावही तेच म्हणाले असते.

आता बर्फ साठला की धुरपदाबाई पिन काढतात, पातेलं ठेवतात आणि माझ्यासमोर मांडी घालून बसतात. चांगुणा शेजारीण डोकावून विचारते, "काय करताय?" त्या म्हणतात, "काय न्हाई. बसलेय." तीन-तीन तास बसतात. त्यांच्यासाठी ही खुरपणीपेक्षा अवघड मेहनत आहे.

मित्रांनो, आपल्या घरच्या फ्रीजला धारदार काही लावू नका, पुसण्याआधी पिन काढा, पाठीमागे हवा खेळू द्या. हे तुम्ही विसरलात तरी बन्सीसारखा कुणीतरी तो दुरुस्त करील. पण हातून काही मोडलं, तर त्याच दिवशी घरात सांगा, आणि सांगायला आलेल्या माणसाचं आधी ऐकून घ्या. ते अठरा दिवस मला सगळं ठाऊक होतं आणि बोलता येत नव्हतं. तुम्हाला बोलता येतं.