खारट तीर्थ

तीर्थ खारट लागलं तेव्हा प्रतापनं आधी नळाला दोष दिला. इंजिनिअर माणूस, जर्मनीत इंगोलश्टाटमध्ये गाड्यांच्या ब्रेकची चाचणी करण्यात त्याची अकरा वर्षं गेली होती. घरात काही बिघडलं की त्याला देवाआधी प्लंबर आठवायचा. त्यानं नळाचं पाणी पिऊन पाहिलं, ते नेहमीसारखं होतं. पंचपात्रातलंही ठीक होतं. शाळिग्रामाला आंघोळ घातलेलं तामणातलं पाणी मात्र गुहागरला पोहताना नाकातोंडात जातं तसं खारट होतं. आणि इथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब.

त्याच्या आईनं, मनोरमाबाईंनी, नेहमीप्रमाणे हात पुढे केला, तीर्थ घेतलं, ओला हात डोक्यावरून फिरवला. चेहऱ्यावर काही नाही. तेरा वर्षांच्या तनयानंही घेतलं आणि दप्तर उचलून निघून गेली. म्हणजे फक्त आपल्यालाच लागतंय, असं प्रतापला वाटलं. लहानपणापासून तीर्थ म्हणजे गोडसर, एवढंच त्याच्या जिभेला ठाऊक होतं. तो गप्प बसला. गप्प बसण्यात त्याचा हातखंडा होता.

आदल्या दिवशी काय झालं होतं ते सांगायला हवं. तनयाच्या वर्गात जीवसृष्टी कशी बदलत गेली यावर रेफराट होतं, म्हणजे मुलांनी वर्गापुढे उभं राहून बोलायचं. तिला शाळिग्राम न्यायचा होता. प्रतापचे वडील वारल्यावर जानेवारीत त्याची आई इथे राहायला आली, तेव्हा तो तिच्यासोबत आला होता. गुळगुळीत काळा दगड, एका बाजूला भोक आणि आत चक्र. तनया सहा वर्षांची असताना गुहागरच्या देवघरात प्रतापनंच त्या भोकात टॉर्च मारून तिला दाखवलं होतं, "हा बघ, आत वेटोळं करून बसलाय. पंधरा कोटी वर्षांपूर्वी समुद्रात पोहायचा." पोरीनं ते जपून ठेवलं होतं.

त्यांच्या घरात शाळिग्रामाला बायका हात लावत नाहीत. मनोरमाबाईंनी पन्नास वर्षांत लावला नव्हता. त्यामुळे आई अंघोळीला गेली असताना प्रतापनंच तो रुमालात गुंडाळला, तनयाच्या डब्यात ठेवला आणि म्हणाला, "आजीला सांगू नकोस."

संध्याकाळी तो घरी आला तर आई रिकाम्या देवघरासमोर बसलेली. तनया दारात उभी, डबा हातात. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, हाताखाली नऊ माणसं, पण आईनं नुसतं वर पाहिलं आणि तो बूट न काढताच खुलासा करायला लागला.

"शाळेतल्या बाईंनी आणायला लावलं, आई," तो म्हणाला. "देव कसला, मेलेला प्राणी आहे, असं म्हणाल्या वर्गात."

"दास श्टिम्ट निष्ट," तनया म्हणाली. हे खरं नाही. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं. आजीला जर्मन येत नव्हतं, आणि प्रतापनं ते भाषांतर केलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तीर्थ खारट झालं.

पुढच्या आठवड्यात तामणाच्या कडेला पांढरी रेघ धरली. प्रताप कंपनीतून पाण्यातलं मीठ मोजायचं यंत्र घेऊन आला. दगड बुडवण्यापूर्वी काटा जागचा हलला नाही. बुडवल्यावर पार टोकाला गेला. त्यानं दगड पुसून कोरडा केला, चहा घेऊन आला, तर तो पुन्हा ओला. देवघर होतं खिडकीच्या कट्ट्यावर. कट्टा इथल्याच डोंगरातल्या पिवळसर दगडाचा. या भागात फरशीतही शंखशिंपल्यांचे ठसे सापडतात, लोक त्यावरून झाडू मारतात. त्या कट्ट्यावर आता ओल आली होती आणि खोलीला ओहोटीच्या वेळी खाडीला येतो तसा वास यायला लागला होता. अरुंधतीला, त्याच्या बायकोला, वास येत नव्हता. ती म्युनिकची गाडी पकडायच्या घाईत म्हणाली, "खिडकी उघड ना, लुफ्टन कर, हवा खेळू दे जरा."

एकदा न राहवून त्यानं भोकात टॉर्च मारला. चक्राचे तीन वेढे त्याला लहानपणापासून पाठ होते. त्याला दोन दिसले. मग उजेडापासून काहीतरी, अगदी सावकाश, आणखी आत सरकलं. त्यानं टॉर्च विझवला आणि दगड जागेवर ठेवला. पूजा चुकवायची सोय नव्हती, आई समोर बसलेली असायची. त्याला मनातून भीती वाटत होती. देव कोपला म्हणावं तर ते पटत नव्हतं, न म्हणावं तर यंत्र खोटं बोलत नव्हतं.

अशात हेर फोगल, म्हणजे श्रीयुत फोगल, घरी आले. वर्गातल्या एका मुलाचे वडील, अतिशय सभ्य, येताना घरी केलेला केक घेऊन आले. देवानं सहा दिवसांत सृष्टी घडवली हेही जीवशास्त्राच्या तासाला शिकवावं, यासाठी त्यांचा गट वर्षभर शाळेच्या मागे लागला होता. वर्गात देवाच्या दगडाला मेलेला प्राणी म्हटलं गेलं, असं पालकांच्या ग्रुपवर त्यांनी वाचलं होतं; कोणी म्हटलं ते तिथे नव्हतं. त्यांनी एक छापील तक्रार टेबलावर ठेवली: जीवशास्त्राच्या शिक्षिका फ्राउ लेष्नर यांनी एका हिंदू मुलीच्या देवाला वर्गात मेलेला प्राणी म्हटलं.

"असंच झालं ना?" त्यांनी विचारलं. "आमचं कोणी ऐकत नाही. तुमचं ऐकतील."

आई सोफ्यावर बसली होती. "काय म्हणतायत रे ते?"

"आपल्या देवाच्या बाजूनं आहेत," प्रताप म्हणाला. खरं सांगायचं तर आईला सांगावं लागणार होतं की दगड मीच दिला आणि तो प्राणी आहे हेही मीच शिकवलं. त्यापेक्षा सही सोपी होती. एका कागदानं काय होतंय, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली आणि सही केली.

जूनमध्ये शाळेत पालकांची सभा झाली. डिरेक्टर, म्हणजे मुख्याध्यापक, म्हणाले, अभ्यासक्रम सरकार ठरवतं. उत्क्रांती शिकवली जाईल, आणि सृष्टीची कथा धर्माच्या तासाला आहेच. फोगलांचा मुद्दा तिथेच संपला. मग तक्रार निघाली. फ्राउ लेष्नर तिशीतली, एका वर्षाच्या करारावरची. ती प्रतापकडे वळून बोलली.

"तनयानं तो दगड रुमालातच धरला होता. म्हणाली, आमच्याकडे बायका याला हात लावत नाहीत. म्हणून मी हात मागे घेतले, आणि वर्गातल्या कोणत्याच मुलीनं हात लावला नाही. प्राण्याचं तिनंच सांगितलं, वडिलांकडून कळलं म्हणाली. आणि पुढे म्हणाली की आम्ही त्याला रोज आंघोळ घालतो. मला ते फार आवडलं. तुम्हाला घरी सांगितलं असेल ना तिनं?"

प्रतापनं समोरचा पाण्याचा ग्लास उचलला. शाळेचं पाणी, शाळेचा ग्लास. तोंडभर समुद्र आला. त्यानं तो कसाबसा गिळला.

"मुलीनं घरी जे सांगितलं," तो म्हणाला, "तेच मी लिहिलंय."

म्हणजे आता खोटं तनयाच्या नावावर गेलं. बोलून झाल्यावर त्याला ते कळलं, पण तोवर डिरेक्टरांनी टिपून घेतलं होतं.

जुलैच्या शेवटी शाळेचं पत्र आलं. फ्राउ लेष्नर यांचा करार वाढणार नाही. सप्टेंबरपासून तोच धडा दुसरे शिक्षक शिकवतील. तनयानं पत्र वाचलं, घडी घातली आणि बापाच्या ताटाशेजारी ठेवलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला बसल्यावर प्रतापचा धीर सुटला. देवघराशेजारची तुळस खाली वाकून काळी पडली होती, मातीवर मिठाची साय धरली होती.

"आई, तीर्थ खारट लागतं," तो म्हणाला. "दोन महिने झाले."

"लागणारच," मनोरमाबाई म्हणाल्या. "ते तुळशीला घालू नये, जळते. आपल्याकडे नारळाला घालायचं."

प्रतापनं पळी खाली ठेवली. "तुला माहीत होतं?"

"लग्न होऊन आले त्या दिवसापासून. समुद्रातला जीव आहे, त्याला घरची आठवण येते, म्हणून रोज पाणी दाखवायचं, असं तुझे बाबा म्हणायचे. तू लहानपणी थुंकून टाकायचास. मग मी तीर्थाच्या वाटीत तळाशी आधीच साखर घालायला लागले. इथेही घालत होते."

"मग बंद का केलीस?"

"तनयानं त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं मला. मोडक्यातोडक्या मराठीत, पण सांगितलं. रुमालाचंही सांगितलं. म्हटलं, पोर एवढं खरं बोलते, आता साखर कशाला. तूही बोलशील आज ना उद्या, म्हणून वाट बघत होते." त्यांनी वाटी त्याच्यापुढे सरकवली. "त्या बाईंचं काय झालं रे? त्यांना एकदा जेवायला बोलवू. हात मागे घेतला म्हणे त्यांनी."

 ज्या रागाच्या भीतीनं त्यानं एका बाईची नोकरी घालवली होती, तो राग या घरात कधी नव्हताच. तामणातला दगड ओला होता आणि पाण्यावर, कोणी हात न लावता, बारीक लाट येऊन कडेला लागत होती.

"गेल्या त्या," तो शेवटी म्हणाला. "माझ्यामुळे."

आईनं हात पुढे केला. त्यानं पळीभर तीर्थ घातलं. तिनं ते घेतलं, पण हात डोक्यावरून फिरवला नाही, नुसताच पदराला पुसला.

तनया दप्तर घेऊन समोर आली. त्यानं पळी भरून धरली. तिनं एकदा दगडाकडे वाकून नमस्कार केला, मग हात खिशात घातले आणि दार ओढून निघून गेली. तिच्या वाटणीचं तीर्थ पळीत राहिलं. ते सांडता येत नाही, म्हणून त्याला प्यावं लागलं.